वाचक विचारतात : गोव्यातून हॅम स्पर्धेत उतरताना

या वेळच्या पत्रांत हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी रेडिओच्या, स्पर्धांविषयीचे प्रश्न जास्त आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात : ठरलेल्या वेळात, ठरलेल्या बँडवर (वारंवारतांच्या पट्ट्यावर; ४० मीटर, २ मीटर ही त्यांची नावं तरंगलांबीवरून), जास्तीत जास्त स्थानकांशी संपर्क साधायचा आणि प्रत्येक संपर्कात ठरलेली माहिती बिनचूक द्यायची-घ्यायची. विभागीय स्पर्धा बहुधा काही तासांच्या असतात आणि आसपासच्या राज्यांतली स्थानकं त्यांत भेटतात. जागतिक स्पर्धा २४ किंवा ४८ तास चालतात.

आमचं एक मत इथेच सांगतो, कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत ते डोकावेल. १०० वॅट आणि एक साधी तार एवढंच भांडवल असलेल्या स्थानकाचे गुण वॅट कमी पडल्यामुळे फारसे जात नाहीत. नीट न ऐकल्यामुळे आणि नीट न लिहिल्यामुळे जातात.

प्रश्न : मला नुकताच रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळाला. ४० मीटर आणि २ मीटरवर होणाऱ्या एका विभागीय स्पर्धेत भाग घ्यायचा आहे, पण माइक हातात घेतल्यावर नेमकं काय बोलायचं तेच कळत नाही. नियमपत्रकात आधी काय बघावं?
– वाचक, डिचोली

उत्तर : नियमपत्रक वाचताना पाच गोष्टी कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवा : वेळ (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, की भारतीय), चालणारे बँड, एक्स्चेंज म्हणजे द्यायची माहिती, तुमचा वर्ग (किती वॅट, एकटे की गट), आणि लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, पाठवायची शेवटची तारीख. मग परवाना उघडा. तुमच्या ग्रेडला कोणते बँड आणि किती शक्ती मान्य आहे ते त्यात लिहिलेलं असतं. स्पर्धेचा नियम परवान्याच्या वर नाही. भारतात ४० मीटरचा बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ आहे. ७२०० च्या वर तुम्हाला परदेशी स्थानकं ऐकू येतील, त्यांना त्यांच्या देशात तिथे मुभा असते. आपण तिथे उत्तर द्यायचं नाही.

बोलण्याचा साचा ठरलेला आहे. समजा एक्स्चेंज म्हणजे सिग्नल रिपोर्ट (किती चांगलं ऐकू येतं; "फाइव्ह नाइन") आणि अनुक्रमांक (आपला कितवा संपर्क). हाक देणारा म्हणतो : "सीक्यू कॉन्टेस्ट, सीक्यू कॉन्टेस्ट, व्हिक्टर युनिफॉर्म टू…" आणि पुढे आपली अक्षरं. (सीक्यू म्हणजे सर्वांना हाक.) तुम्ही उत्तरात फक्त आपली कॉल साइन (स्थानकाची ओळखखूण) द्यायची, एकदाच, फोनेटिकमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेल्या शब्दात (व्ही साठी व्हिक्टर, के साठी किलो). त्याची कॉल साइन उच्चारायची गरज नाही, ती त्याला ठाऊक आहे. तो तुमची कॉल साइन म्हणेल आणि "फाइव्ह नाइन, झीरो वन फोर" देईल. तुम्ही : "थँक्यू, फाइव्ह नाइन, झीरो झीरो वन." तो : "थँक्यू, क्यूआरझेड." झालं. दहा-पंधरा सेकंद. (क्यूआरझेड म्हणजे इथे 'पुढचं कोण?')

त्याने तुमची कॉल साइन चुकीची म्हटली तर आकडा देण्याआधी दुरुस्त करा. संकोचाने गप्प राहिलात तर तो संपर्क तुमचाही जातो आणि त्याचाही. त्याचा आकडा कळला नाही तर "नंबर अगेन" म्हणा. "रॉजर" म्हणून अंदाजाने लिहू नका. आणि त्याने "किलो स्टेशन, अगेन" असं कुणाला तरी विचारलं आणि तुमच्या कॉल साइनमध्ये के नाही, तर त्या वेळी गप्प बसणं हे तुमचं काम.

पहिल्या स्पर्धेत स्वतः सीक्यू देत बसू नका. बँडच्या खालच्या टोकापासून वर हळूहळू डायल फिरवत जा, प्रत्येक स्थानक आधी ऐका, त्याची कॉल साइन आणि चालू अनुक्रमांक लिहून ठेवा, मग हाक मारा. अशाने त्याचा आकडा तुम्हाला जवळजवळ आधीच ठाऊक असतो. मोकळी जागा मिळाली आणि धीर आला की सीक्यू देऊन बघा, त्याआधी "इज द फ्रीक्वेन्सी इन यूज?" असं दोनदा विचारा. तुम्हाला ऐकू येत नसलेलं स्थानक तिथे असू शकतं.

प्रश्न : आमच्या बागायतीत माड आणि पोफळी आहेत, जागा भरपूर. ४० मीटरसाठी स्वतः अँटेना बांधायची आहे. तार किती, उंची किती, आणि काय चुकू शकतं?
– वाचक, सत्तरी

उत्तर : इन्व्हर्टेड व्ही बांधा. मधला भाग उंच आणि दोन्ही बाजू उतरत्या असलेली ही डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार) एकाच उंच आधारावर उभी राहते.

लांबीचं गणित : १४३ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे पूर्ण लांबी मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०७ मीटर. पण कापताना १०.५० मीटर कापा. प्लॅस्टिकचं आवरण, उतरता कोन, जवळची झाडं, जमिनीपासूनची उंची या सगळ्यांनी आकडा थोडा हलतो, आणि कापलेली तार परत वाढत नाही. घरगुती वायरिंगची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालते.

वर चढवून कमी शक्तीवर किंवा नॅनोव्हीएनएने (अँटेना मोजायच्या छोट्या उपकरणाने) एसडब्ल्यूआर मोजा, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते कळेल. समजा सर्वांत कमी एसडब्ल्यूआर ६.९ मेगाहर्ट्झवर मिळाला. नवी लांबी = जुनी लांबी × मिळालेली वारंवारता ÷ हवी असलेली वारंवारता. १०.५० × ६.९ ÷ ७.१ = १०.२०. दोन्ही बाजू ३० सेंटिमीटरने आखूड करा. कापण्यापेक्षा टोक मागे दुमडून त्याच तारेवर घट्ट गुंडाळलंत तर चूक सुधारता येते. साधारण अंदाज : प्रत्येक बाजूचे १० सेंटिमीटर म्हणजे ७० किलोहर्ट्झ. दोन्ही बाजू सारख्याच कमी करा.

उंची. विभागीय स्पर्धेसाठी मध्य ९ ते १० मीटरवर ठेवा आणि समाधान माना. ४० मीटर बँडवर ही पाव तरंगलांबी होते. एवढ्या उंचीवर लहरी बऱ्याच अंशी सरळ वर जातात आणि आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरांवरून) जवळच्या प्रदेशात परततात. पणजीपासून पुणे हवाई अंतराने सुमारे ३३५ किलोमीटर, मुंबई ४१०, बंगळूर ४९०, हैदराबाद ५४०. विभागीय स्पर्धेतली बहुतेक गिऱ्हाइकं याच पट्ट्यात बसली आहेत. २० मीटर उंच मनोरा नाही म्हणून इथे खंत करू नका.

दोन बाजूंमधला कोन ९० ते १२० अंश. टोकं जमिनीपासून किमान तीन मीटर वर हवीत, कारण प्रक्षेपणाच्या वेळी टोकांवर व्होल्टेज जास्त असतं. बागेत माणसं आणि गुरं वावरतात. वीजवाहिनीवरून किंवा तिच्याखालून तार नेऊ नका. तुटून पडली तर कुठे पडेल हे आधी बघा.

आता माडांची गोष्ट. माड वाऱ्याला झुलतो. तार खोडाला ताणून बांधली तर पहिल्याच वादळी रात्री तुटते, आणि तुटते ती नेमकी मध्यावरच्या सोल्डरपाशी. टोकाला कप्पी लावा, दोर त्यातून काढा आणि दोराला वाळू भरलेली दोन लिटरची बाटली लोंबकळत ठेवा. माड झुलला की बाटली वरखाली होते, तारेवर ताण येत नाही. चढायचं काम पाडेलीकडूनच करून घ्या. मध्यावर कोॲक्सचं, म्हणजे रिसीव्हरकडे जाणाऱ्या केबलचं, वजन सोल्डरवर येऊ देऊ नका. केबल दोराने बांधून वजन दोरावर द्या.

मध्याजवळ चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं, हवाच. आरजी-५८ केबलची साडेचार-पाच मीटर लांबी सुमारे १४ सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दहा वेढ्यांत गुंडाळली की कामचलाऊ चोक होतो. मोठ्या फेराइट कड्यावरून दहा-बारा वेढे काढलेत तर जास्त चांगला. चोक नसला तर केबलची बाहेरची बाजूही अँटेना बनते : माइकला ओठ लागताच चटका, लॅपटॉपचा कीबोर्ड अडकणं, आणि घरातल्या सगळ्या चार्जरांचा गोंगाट रिसीव्हरमध्ये.

प्रश्न : सकाळी मुंबई-पुण्याची स्थानकं ४० मीटरवर खणखणीत ऐकू येतात. रात्री तीच नाहीशी होतात आणि दूरचे लोक ऐकू येतात. रिग बिघडली का?
– वाचक, कुडचडे

उत्तर : रिग, म्हणजे रेडिओ संच, ठीक आहे. दिवसा आयनांबराचा एफ-२ थर सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर परतवतो. सूर्य मावळला की थर विरळ होत जातो, सरळ वर गेलेली लहर त्यातून आरपार निघून जाते, आणि फक्त तिरप्या जाणाऱ्या लहरी परततात. त्या दूर उतरतात. मधला प्रदेश कोरडा राहतो.

स्पर्धा रात्रीही चालू असेल आणि ८० मीटर नियमात असेल, तर शेजारची राज्यं तिकडे शोधा. ३.६ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक बाजू १९.९ मीटर लागते. दोन्ही जोड्या एकाच मध्याला आणि एकाच केबलला जोडता येतात. फक्त टोकं एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना न्या आणि आधी लांब जोडी जुळवा, मग आखूड. दुपारी ८० मीटरवर वेळ घालवू नका, खालचा डी थर तेव्हा सिग्नल गिळतो.

प्रश्न : माझ्या घरी ४० मीटरवर सिग्नल मीटरची सुई एस-९ वरच (जोरदार सिग्नलाइतकी) असते. समोरचे म्हणतात तुझा सिग्नल छान आहे, पण मला त्यांचं काही कळत नाही. ॲम्प्लिफायर घेऊ का?
– वाचक, म्हापसा

उत्तर : नको. तुम्हाला बोलता येतं, ऐकता येत नाही. ॲम्प्लिफायरने उत्तर देणारे वाढतील आणि ते तुम्हाला ऐकू येणार नाहीत. त्या पैशांत हा गोंगाट शोधा.

रिग बॅटरीवर चालवा आणि घरचा मेन स्विच बंद करा. गोंगाट उतरला तर चोर घरात आहे. मेन चालू करून एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यासरशी सुई चढेल त्या खोलीत एकेक प्लग काढा. बहुतेकदा एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर किंवा छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर सापडतो. सौर इन्व्हर्टरची खूण सोपी : गोंगाट सूर्याबरोबर उगवतो आणि मावळतो. ॲडॉप्टर बदलणं उत्तम. बदलता येत नसेल तर त्याची वायर फेराइट कड्यातून सात-आठ वेळा ओवा. एकदाच ओवलेल्या क्लिपने ४० मीटरवर फारसा फरक पडत नाही.

मेन बंद करूनही सुई हलली नाही तर बाहेर बघा. किनाऱ्याजवळच्या भागात विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर मिठाचा थर बसतो. दमट हवेत त्यावरून बारीक ठिणग्या सरकतात आणि रेडिओवर तळल्यासारखा करकर आवाज येतो. जोराचा पाऊस पडून इन्सुलेटर धुतले गेले की आवाज थांबतो. तसं होत असेल तर निदान पक्कं. हातातला लहान एएम रेडिओ घेऊन रस्त्याने फिरा, कोणत्या खांबापाशी आवाज सर्वांत मोठा ते टिपा आणि खांबाच्या क्रमांकासह वीज खात्याला लेखी कळवा. खांबाला हात लावू नका.

सप्टेंबरच्या स्पर्धांना आणखी एक गोष्ट. जपानच्या हौशी रेडिओ संघटनेच्या ऑल एशियन स्पर्धेचा आवाजी भाग सप्टेंबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो, आणि कधी कधी तीच वेळ चवथीची. मखरातल्या चमकत्या माळांचे स्वस्त ॲडॉप्टर बँड झाकून टाकतात. आपल्या घरचं मखर आधी तपासून घ्या, शेजाऱ्यांशी प्रेमाने बोला. (या स्पर्धेत एक्स्चेंज म्हणून रिपोर्टनंतर आपलं वय सांगायचं असतं, स्त्रियांना शून्य-शून्य सांगण्याची मुभा आहे.)

रिगवरही थोडं करता येतं. ४० मीटरवर प्रीअँप (आलेला सिग्नल वाढवणारा भाग) बंद ठेवा. ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) चालू करा, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) इतका खाली आणा की मागचा गोंगाट जेमतेम ऐकू येईल. आवाज लहान वाटेल, पण कमकुवत स्थानक वर उठून दिसेल आणि सहा तासांनी डोकं दुखणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे पाच वॅटचा हँडहेल्ड आहे. २ मीटरच्या भागात त्याने काही होईल का? ग्रिड लोकेटर (नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा संकेत) सांगायचा असतो, तो कसा काढायचा?
– वाचक, पणजी

उत्तर : होईल, पण सोबत आलेल्या रबरी अँटेनाने नाही. एसओ-२३९ सॉकेट घ्या. मधल्या पिनला ४९ सेंटिमीटरची उभी तार, चार कोपऱ्यांच्या भोकांना ५१ सेंटिमीटरच्या चार तारा, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. दोन-अडीच मिलिमीटर जाडीची पितळी किंवा तांब्याची सळी वापरा. गच्चीवर पीव्हीसी पाइपवर चढवा. खर्च थोडा आणि फरक मोठा.

केबलवर काटकसर केली तर सगळं तिथेच संपतं. आरजी-५८ ची ३० मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ डेसिबल खाते, म्हणजे पाच वॅटमधले सव्वा वॅट वर पोचतात. आरजी-२१३ तेवढ्याच लांबीत सुमारे ३ डेसिबल. त्याहून बरं म्हणजे केबल आठ-दहा मीटरच ठेवून स्वतः गच्चीवर बसा.

२ मीटरवर उंची हेच भांडवल. क्षितिज किलोमीटरमध्ये = ४.१२ × (तुमच्या उंचीचं वर्गमूळ + समोरच्याच्या उंचीचं वर्गमूळ), उंची मीटरमध्ये. दोघेही १० मीटरवर असाल तर २६ किलोमीटर. तुम्ही १०० मीटर उंच सड्यावर गेलात तर ५४. चोर्ला घाटातून, ८०० मीटरवरून, एकट्याचंच क्षितिज ११६ किलोमीटर होतं. तिथून सिंधुदुर्ग आणि बेळगावकडची स्थानकं आवाक्यात येतात, मधे डोंगराची आड नसेल तर. मात्र परवान्यावरच्या पत्त्याबाहेरून चालवायचं असेल तर त्यासाठी लागणारी परवानगी आणि कळवण्याचे सोपस्कार आधी पूर्ण करा. एफएमवर सगळ्यांच्या अँटेना उभ्या असतात. तुम्ही आडवी लावलीत तर २० डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकतं. रिपीटरवरून (सिग्नल घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या मधल्या स्थानकावरून) झालेले संपर्क स्पर्धेत सहसा धरत नाहीत.

लोकेटर : पणजी सुमारे १५.४९ उत्तर, ७३.८३ पूर्व. रेखांशात १८० मिळवा, २५३.८३, त्याला २० ने भागा, पूर्णांक १२. ए म्हणजे शून्य धरून बारावं अक्षर एम. उरले १३.८३, त्याला २ ने भागून ६. अक्षांशात ९० मिळवा, १०५.४९, १० ने भागून १०, अक्षर के. उरले ५.४९, आकडा ५. म्हणून एमके६५. गोव्यात गंमत अशी की ७४ अंशांची रेषा राज्यातून उभी जाते. म्हापसा, पणजी, वास्को, मडगाव हे एमके६५. वाळपई, केपे, सांगे हे एमके७५. दक्षिणेला पोळेकडचं टोक १५ अंशांच्या खाली जातं, ते एमके७४. फोंडा आणि साखळी रेषेला इतकी लागून आहेत की फोनमधलं जीपीएस बघूनच ठरवा. ग्रिड हा गुणक असलेल्या, म्हणजे मिळालेल्या ग्रिडांच्या संख्येने गुणांना गुणणाऱ्या, स्पर्धेत चुकीचा लोकेटर समोरच्याचंही नुकसान करतो.

प्रश्न : मी जागतिक स्पर्धेत दीडशेच्या आसपास संपर्क केले. तपासणीनंतर त्यांतले बरेच कापले गेले. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. असं का होतं?
– वाचक, वास्को

उत्तर : आयोजक सगळ्यांचे लॉग संगणकाने एकमेकांशी ताडून बघतात. तुमच्या नोंदीची जोडी समोरच्याच्या लॉगमध्ये मिळाली नाही किंवा कॉल साइन चुकली तर नोंद जाते. सीक्यू वर्ल्डवाइडसारख्या स्पर्धेत तेवढ्यावर भागत नाही : चुकीच्या कॉल साइनला त्या संपर्काचे गुण जातात आणि वर दुप्पट दंड. म्हणजे शंकास्पद नोंद ठेवण्यापेक्षा वीस सेकंद घालवून परत विचारणं केव्हाही स्वस्त.

पण तुमच्याबाबतीत नोंदी थोक भावात गेल्या आहेत, तेव्हा पहिला संशय घड्याळावर. लॉग यूटीसीमध्ये लागतो, आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. रविवारी पहाटे २.१० ला केलेला संपर्क यूटीसीत शनिवारी २०.४० चा असतो. वेळ बदलली आणि तारीख बदलायची राहिली, असं फार होतं. संगणकाचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, पण लॉगिंगच्या प्रोग्रॅमने यूटीसी लिहिली आहे का ते पहिल्या संपर्कानंतर लगेच बघा. भिंतीवर यूटीसी लावलेलं वेगळं घड्याळ असेल तर उत्तम. सीक्यू वर्ल्डवाइड शनिवारी ००.०० यूटीसीला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला, आणि संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. सोमवारची रजा आधीच टाका.

दुसरा संशय बँडवर. रिग आणि संगणक केबलने जोडलेले नसतील तर तुम्ही २० वरून १५ मीटरवर जाता आणि प्रोग्रॅम २० वरच राहतो. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी चुकीच्या बँडवर पडतात.

एन वन एम एम लॉगर प्लस हा विंडोजवरचा प्रोग्रॅम मोफत आहे आणि कॅब्रिलो नमुन्यातली फाइल तोच तयार करतो. पाठवण्याआधी ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून कॉल साइन, वर्ग, शक्ती आणि पहिल्या-शेवटच्या ओळीची तारीख वाचा. एकाच स्थानकाशी त्याच बँडवर दुसऱ्यांदा झालेला संपर्क पुसू नका. त्याला दंड नाही, पण पुसलात आणि पहिला संपर्क समोरच्याच्या लॉगमध्ये नसला तर दोन्ही गेले. स्पर्धा संपल्यावर ऑनलाइन शोधून कॉल साइन "दुरुस्त" करणं हा नियमभंग आहे. सीक्यू वर्ल्डवाइडचा लॉग पाच दिवसांत पोचावा लागतो.

आणखी एक : या स्पर्धेत भारतीय स्थानकाने भारतीय स्थानकाशी केलेल्या संपर्काला शून्य गुण आहेत. तरी पहिला भारतीय संपर्क प्रत्येक बँडवर जरूर करा, कारण त्याने देश आणि २२ क्रमांकाचा झोन (स्पर्धेसाठी जगाचे पाडलेले विभाग) हे दोन गुणक मिळतात.

प्रश्न : जुलैत होणाऱ्या आयएआरयूच्या (आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या) स्पर्धेत गोव्यातून भाग घेणं शहाणपणाचं आहे का? पाऊस, विजा आणि वीजपुरवठा यांचं काय करायचं?
– वाचक, पेडणे

उत्तर : आहे, तयारी असेल तर. ही स्पर्धा जुलैच्या दुसऱ्या पूर्ण शनिवारी १२.०० यूटीसीला, आपल्या संध्याकाळी साडेपाचला सुरू होते आणि २४ तास चालते. आपण सांगायचा तो आयटीयूचा (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा) झोन ४१. (सीक्यू झोन २२ वेगळा, दोन्हींची गल्लत करू नका.) आपल्याच झोनमधल्या स्थानकाला १ गुण, आशियातल्या दुसऱ्या झोनला ३, दुसऱ्या खंडाला ५. प्रत्येक बँडवरचा नवा झोन आणि राष्ट्रीय संघटनांची मुख्यालय स्थानकं हे गुणक. समजा २०० गुण आणि ४० गुणक झाले, म्हणजे ८,०००. आता युरोपातला ओळखीच्या झोनमधला एक संपर्क २०० वाढवतो. नव्या झोनमधला तसाच संपर्क ४०५. म्हणून रात्री दर थोडा मंदावला की बँड बदलून नवे झोन शोधा.

पावसाने सर्वांत आधी मरतो तो जोड. केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ प्लगच्या आत पाणी शिरलं की केबलची जाळी केशनळीसारखी ते मीटर-दोन मीटर आत ओढते; मग एसडब्ल्यूआर ठीक दिसतो, कारण खराब केबल परतणारी शक्तीही खाते, आणि सिग्नल मात्र कुणालाच पोचत नाही. जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलांसारखा बसेल. त्यावर पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप एका पावसात सुटते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून टपकेल. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावू नका. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पिठासारखं झडतं. मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घाला.

विजेबाबत तडजोड नाही. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. थांबा. केबल रिगमागून काढून टेबलावर ठेवणं पुरेसं नाही. ती घराबाहेर काढा आणि टोक अर्थला जोडा. यासाठी खिडकीबाहेर एक जोड कायम ठेवलात तर काम अर्ध्या मिनिटाचं होतं. पण ते वादळ डोक्यावर यायच्या आत करायचं. जांभ्या दगडाची जमीन कोरड्या दिवसांत वीज नीट वाहून नेत नाही, तेव्हा अर्थचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून खोल घ्या, आणि अँटेनाचा अर्थ घराच्या अर्थाला जाड तारेने जोडा. दोन वेगळे अर्थ ठेवले तर वीज पडल्यावर मधला फरक तुमच्या रिगमधून वाहतो. जुलैपेक्षा ऑक्टोबर जास्त धोक्याचा. परतीच्या पावसाच्या विजा दुपारनंतर येतात, आणि सीक्यू वर्ल्डवाइडचा आवाजी भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो.

वीज गेली तर : १०० वॅटची रिग बोलताना सरासरी १० अँपिअर आणि ऐकताना दीड अँपिअर घेते असं धरा. एक-तृतीयांश वेळ बोललात तर सरासरी ४.३. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतले अर्धेच वापरायचे, म्हणजे साडेअकरा तास. शक्ती ५० वॅटवर आणलीत तर समोरच्याला फक्त ३ डेसिबल, अर्धा एस-पॉइंट, कमी ऐकू येतं आणि बॅटरी बरीच पुढे जाते. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चालेल, पण इन्व्हर्टर सुटा करून. नाहीतर त्याचाच गोंगाट ऐकत बसाल. वायर जाड घ्या. दोन मीटर अंतरावर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत २० अँपिअरला जाता-येता अर्धा व्होल्ट गळतो. सहा चौरस मिलिमीटरमध्ये पाव व्होल्टही नाही. ११.७ व्होल्टच्या खाली बऱ्याच रिगांचा आवाज फाटतो, आणि हे तुम्हाला कळत नाही, फक्त शेजारच्या स्थानकाला कळतं. फ्यूज बॅटरीच्या टोकाला, दोन्ही तारांवर.

प्रश्न : माझ्याकडे परवाना नाही, वय १६. वडिलांच्या स्थानकावर स्पर्धेत मदत करू शकते का?
– विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : माइक आणि की (मोर्स पाठवायचं बटण) यांना हात न लावता, हो. लॉग टाइप करणं, दुसऱ्या कानाने कॉल साइन ताडणं, गुणकांचा तक्ता सांभाळणं ही खरी कामं आहेत. फक्त अशी मदत घेतल्यावर वडिलांनी 'एकटा' हा वर्ग निवडू नये. तुम्ही परीक्षेला बसण्याच्या वयाच्या आहात; अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो.

प्रश्न : समुद्राकाठी उभी अँटेना फार चालते असं ऐकतो. खरं का? १० आणि १५ मीटरसाठी काय बांधावं?
– वाचक, मडगाव

उत्तर : खरं आहे. खारं पाणी उत्तम वाहक असल्यामुळे क्षितिजालगत निघालेली लहर शोषली जात नाही. गोव्यातून युरोपची दिशा वायव्येला, ३१५ अंशांच्या आसपास, म्हणजे सुरुवातीचा प्रवास समुद्रावरूनच. उभ्या अँटेनाला ही दिशा फुकट मिळते. मात्र लाभ पाण्याच्या काठाशीच. पन्नास-शंभर मीटर आत माडांत गेलात की तो झपाट्याने कमी होतो.

२८.४ मेगाहर्ट्झसाठी उभी तार २.५२ मीटर, २१.२ साठी ३.३७ मीटर. मासेमारीच्या फायबर काठीला टेपने बांधा; कार्बनची काठी नको, ती वीज वाहते. प्रत्येक बँडला तेवढ्याच लांबीचे चार रेडिअल (पायथ्यापासून आडव्या पसरलेल्या तारा), जमिनीपासून मीटरभर वर, चार दिशांना. ते वाळूवर टाकलेत तर जुळणी ओहोटी-भरतीबरोबर सरकते. सौरचक्र २५ चा, म्हणजे सूर्यावरच्या हालचालींच्या सध्याच्या चक्राचा, कळस २०२४ च्या सुमारास येऊन गेला आहे. उताराची पहिली वर्षंही १० मीटरला चांगली असतात. दुपारपासून सूर्यास्तानंतरच्या तासापर्यंत युरोप ऐका.

परवानगीचं वर लिहिलंच आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे सोडून द्या; तिथे दिवे आणि जनरेटर नकोतच. घरी परतल्यावर काठी, तारा आणि जोड त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा, पंख्याखाली वाळवा आणि मगच पिशवीत घाला. दुसऱ्या दिवशीवर ढकललंत तर पितळी पिना हिरव्या झालेल्या दिसतील.